समासातला हंस

मेल गुरुवारी आली होती. शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले तोवर घरातल्या पाचही जणांनी ती वाचलेली होती, ज्याने त्याने आपापली. तरी टेबलावर बोलणं फिरत होतं ते भोपळ्याच्या भरताभोवती, हवेभोवती, आणि विंटर टायर्स आत्ताच घालून घ्यावेत की नोव्हेंबरात, याभोवती.

कॅनडात ऑक्टोबरात येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला दोन्ही मुलांनी ग्वेल्फला आईवडिलांकडे, प्रमोदिनी आणि नंदकुमारांकडे, यायचं, हा नेम जुना होता. शैलेंद्र रेजिनाहून विमानाने यायचा. तिथे तो प्रांताच्या सरकारात नोकरीला होता. धाकटी देवयानी ब्रॉसार्डहून सहा-सात तास गाडी चालवत यायची. शैलेंद्रची मुलगी कृतिका तर दोन वर्षांपासून इथेच होती, आजीआजोबांच्या बेसमेंटमध्ये राहून युनिव्हर्सिटीत शिकत होती. एरवी या जेवणाला आवाज असायचा. आज देवयानीने वडिलांच्या पानात भात वाढला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, बास.

मेल हॅमिल्टनच्या एका छोट्या पुस्तक-संग्रहालयाची होती. पुढच्या महिन्यात तिथे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मुलांच्या पुस्तकांचं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि त्यात मधोमध काचेच्या पेटीत राहायचं होतं नंदकुमारांनी भेट दिलेलं एक लहानसं पुस्तक. १८६७ सालचं, संडे स्कूलच्या मुलांसाठी छापलेलं. त्यात एमॉस नावाचा मुलगा रविवारी चर्च चुकवून गिरणीच्या तळ्यावर मासे धरायला जातो आणि बुडून मरतो. शेवटच्या पानावर पाद्री त्याच्या मित्रांना थडगं दाखवतो आणि बजावतो. त्या काळात मुलांच्या हाती अशीच पुस्तकं देत.

या पुस्तकाचं मोल होतं ते समासांमुळे. प्रत्येक छापील चित्राशेजारी कोणीतरी पेन्सिलीने टवाळी करून ठेवली होती. पाद्र्याच्या मागे उंच हॅट घातलेला एक हंस पंख वर करून त्याच्याच थाटात उपदेश करत होता. एमॉसच्या मावशीचं नाक मुळ्यासारखं लोंबत होतं. आणि बुडालेला एमॉस तळ्याच्या तळाशी माशांबरोबर पत्ते खेळत बसला होता.

नंदकुमारांनी १९९६ साली या चित्रांवर एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की यादवी युद्धानंतरच्या वर्षांत पुढाऱ्यांना गिधाडं नि डुकरं करून दाखवणारी व्यंग्यचित्रांची साप्ताहिकं अमेरिकेत घरोघरी पोचली. ती बघत वाढलेल्या कुणा मुलाने किंवा मुलीने तीच टवाळी आपल्या पुस्तकावर उलटवली. मुलांच्या पुस्तकांतला धाक पुढे हळूहळू गेला आणि गंमत आली, पण लेखक बदलण्याआधी वाचक हसला होता. हे शेवटचं वाक्य पुढे अनेकांनी उचललं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कॅटलॉगिंग करणाऱ्या माणसाला शिकागोला भाषणाला बोलावलं गेलं, हंस एका ग्रंथाच्या कव्हरवर आला, आणि निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी नंदकुमारांना पत्रं येत राहिली ती या हंसामुळे.

संग्रहालयाच्या बाईंनी मेलमध्ये फार नम्रपणे लिहिलं होतं. पुस्तक पेटीत ठेवण्याआधी त्यांच्या तज्ज्ञाने ते भिंगाखाली तपासलं. एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात कुठल्याशा चर्चच्या लायब्ररीचा नंबर होता, २१४, पुसट झालेला. तो बॉलपेनने लिहिलेला होता. आणि हंसाच्या शेपटीची पेन्सिल त्या शाईच्या वरून गेली होती. म्हणजे चित्र बॉलपेनच्या नंतरचं. बॉलपेन काही १८६७ साली नव्हतं. तेव्हा, त्यांनी विचारलं होतं, ही चित्रं केव्हा आणि कशी आली याबद्दल आपल्याला किंवा आपल्या कुटुंबीयांना काही आठवतं का?

'किंवा आपल्या कुटुंबीयांना' या शब्दांवर शैलेंद्रचं मन विमानात अडकून पडलं होतं. शिष्ट माणसं 'तुम्ही केलंत का' हे असंच विचारतात, हे त्याला सरकारी नोकरीत चांगलं कळलेलं होतं.

जेवण झाल्यावर तो वडिलांच्या मागोमाग त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. नंदकुमार खुर्चीत बसले. एकोणऐंशी वर्षांचे होते, पण पाठ अजून ताठ होती. शैलेंद्रने विचारलं, पुस्तक घरी आलं तेव्हा चित्रं त्यात होती का. होती, ते म्हणाले. तुम्ही तेव्हा बघितली होती? नीट नाही, ते म्हणाले. आपण सगळे रेजिनाला राहत असताना, एक्याऐंशीच्या हिवाळ्यात, तुझ्या आईने ते पुस्तक चर्चच्या बेसमेंटमधल्या सेलमधून आणलं होतं, तुझ्यासाठी. मी तेव्हा थीसिसमध्ये बुडालेलो होतो. नीट पाहिलं ते पंच्याण्णवमध्ये, इथे बॉक्स लावताना. तेव्हा चित्रं होती. मग आधीही असणारच.

शैलेंद्रला हे उत्तर फार तयार वाटलं. त्याला आणखी एक गोष्ट आठवत होती. रेजिनाच्या त्या अपार्टमेंटमध्ये जेवणाच्या टेबलावर जुन्या साप्ताहिकांचे जाडजूड खंड उघडे पडलेले असायचे आणि त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर. पेपरांवर गिधाडं, पोटं सुटलेले पुढारी, हॅटवाले प्राणी. ते कागद बाबांच्या थीसिसचे, एवढं त्याला तेव्हा माहीत होतं. हात लावायचा नाही.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही काढलीत का ती?"

नंदकुमारांनी मान वर केली. "मला साधा घोडा काढता येत नाही," ते म्हणाले. "तुझ्या शाळेचे चार्ट कोण करायचं, ते आठव."

कोण करायचं ते शैलेंद्रला आठवलं, पण त्या क्षणी त्याला ते उत्तर वाटलं नाही, टाळाटाळ वाटली. तो बाहेर आला तेव्हा देवयानी पॅसेजमध्ये उभी होती. तिने सगळं ऐकलेलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते लपतही नव्हतं.

देवयानीचं वडिलांशी वेगळं होतं. शिकागोच्या भाषणाला ती तेरा वर्षांची होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. घरात चिडचिड करणारा, कोणी विचारत नाही म्हणून कुढणारा माणूस तिथे दोनशे लोकांसमोर उभा राहिला आणि लोक हसले, मग उठून टाळ्या वाजवायला लागले. त्यानंतर घर बदललं. बाबा जेवताना बोलायला लागले. दादा तोवर कॉलेजला गेला होता. त्याने ते बघितलंच नव्हतं. आता हा रेजिनाहून उठून येतो आणि वडिलांना खोटारडा ठरवतो, हे तिला सहन होईना. ती त्याच्याशी न बोलता खाली बेसमेंटमध्ये उतरली.

कृतिका ग्रोसरीला गेली होती, आजीने दही आणायला सांगितलं म्हणून. देवयानीला खरं तर नुसतं एकटं बसायचं होतं. पण टेबलावर कृतिकाची स्केचबुकं पडली होती, आणि तिने एक उघडलं. पहिल्याच पानावर टोपी घातलेली खार होती. पुढे कोट घातलेला रॅकून, मास्तरांसारखा चष्मा लावलेला ससा. देवयानी पानं उलटत गेली. मग तिला आठवलं की पुस्तक हॅमिल्टनला पाठवण्याआधी, जून महिन्यात, तीन आठवडे इथेच होतं, कृतिकापाशी, स्कॅन करायला. आजोबांनी मोठ्या कौतुकाने ते काम तिला दिलं होतं.

तिने फोनवर ग्रंथाचं जुनं कव्हर शोधून काढलं आणि मोठं करून बघितलं. हंस होता, हॅट होती. पण शेपटीचं टोक अंधुक होतं, जवळजवळ दिसतच नव्हतं. जूनमधल्या स्कॅनमध्ये मात्र ते स्पष्ट होतं. देवयानी तिथेच खुर्चीत बसली. तिला इतकं हलकं वाटलं की आपण नेमकं काय शोधून काढलंय हे तिने पुन्हा तपासलं नाही. कव्हरवरचं चित्र जुन्या, जाडसर छपाईचं होतं आणि त्यात बारीक रेघा उठतच नव्हत्या, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

चहाच्या वेळी तिने ते मांडलं. तिने अगदी सांभाळून मांडलं, कुणाचा दोष नाही असं दोनदा म्हणाली. चित्रं जुनीच आहेत. शेपटी फिकट झाली होती, स्कॅनमध्ये येत नव्हती, तर कृतिकाने ती जरा ठळक केली असेल, प्रेमानेच. ती नवी रेघ शाईवरून गेली. बस, एवढंच. व्वाला, ती ब्रॉसार्डच्या सवयीने फ्रेंचमध्ये म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला.

कृतिकाच्या हातात दह्याचा डबा तसाच होता. "आत्या, मी टच नाही केलं," ती म्हणाली. "आय वोर ग्लव्ह्ज. आय वुड नेव्हर."

शैलेंद्रने मुलीकडे पाहिलं. तासाभरापूर्वी त्याने वडिलांना जे विचारलं होतं ते खरं ठरण्यापेक्षा हे बरं होतं; वीस वर्षांच्या मुलीची चूक कोणीही माफ करतं. त्याला स्वतःला हा हिशेब कळला तोवर तोंडातून शब्द गेलेला होता.

"नक्की ना, कृतिका?"

कृतिकाने डबा टेबलावर ठेवला. ती रडली नाही. तिने फक्त वडिलांकडे असं पाहिलं की शैलेंद्रने मान दुसरीकडे वळवली.

नंदकुमारांमध्ये मात्र जीव आला होता. ते म्हणाले, यात वाईट काहीच नाही, जुन्या काळात मोठमोठ्या लायब्ऱ्यांतही लोक असं करायचे. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. बाईंना लिहून टाकतो, ते म्हणाले. नात चित्रकार आहे, तिने उत्साहाच्या भरात थोडं रीटच केलं, आम्हाला माफ करा. कृतिका म्हणत राहिली की मी केलेलं नाही, पण तिचा आवाज लहान होत गेला, आणि ते टाईप करत राहिले. देवयानीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रमोदिनी गॅसपाशी उभी होती. तिने हे सगळं पाठमोरी राहूनच ऐकलं होतं. गुरुवारपासून ती वाट बघत होती की नंदकुमार आपल्याला विचारतील. पुस्तक तिने आणलेलं, मुलाला तिने वाचून दाखवलेलं. मेलमध्ये 'कुटुंबीय' म्हटलं तर पहिला प्रश्न तिलाच यायला हवा होता. दोन दिवसांत त्यांनी तिला सगळं विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी कुठे आहे, शैलेंद्रचं विमान किती वाजता, फक्त ते सोडून. का विचारत नाहीत, हा संशय तिला मेलपेक्षा जास्त छळत होता.

तिने गॅस बंद केला.

"ते लिहू नका," ती म्हणाली. "चित्रं मी काढलीयत."

नंदकुमारांची बोटं की-बोर्डवर थांबली.

मग तिने सांगितलं. हळू आवाजात, जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगत होती. रेजिनाचा तो हिवाळा उणे पस्तीसचा होता. सेलमधून तिने हे पुस्तक घेतलं ते त्यात चित्रं होती म्हणून. इंग्रजी तिचं तेव्हा जेमतेम, वाचत वाचत पुढे गेली तेव्हा कळलं की पोरगं बुडून मरतं. शैलेंद्र पाच वर्षांचा होता. तो आंघोळीच्या टबात बसेना. तळं आहे म्हणायचा. पुस्तक लपवलं तर जास्तच घाबरला, कुठे आहे, कुठे आहे करायला लागला. तेव्हा एके दिवशी ती पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, पाद्र्याच्या मागे कोण उभं आहे ते तुला दिसतंय का, थांब, मी दाखवते. महिनाभर रोज एक पान. शेवटी एमॉसला माशांबरोबर पत्ते खेळायला बसवलं, त्या दिवशी शैलेंद्र टबात बसला.

"आणि तसली चित्रं मला का जमली, तर तुमच्या थीसिससाठी मीच ती ट्रेस करत होते," ती नवऱ्याला म्हणाली. "झेरॉक्स नीट यायचा नाही म्हणून. चाळीस-पन्नास तरी केली असतील. हात बसला होता."

शैलेंद्र हळूच खाली बसला. ट्रेसिंग पेपरवरचा हात आता कुठे त्याला दिसत होता, बांगड्या मागे सारलेला.

देवयानीने विचारलं, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस. प्रमोदिनी उत्तर देणार तोच नंदकुमार बोलले. ते शांतपणे बोलले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. हे खरं नाही, ते म्हणाले. तू या पोरीला वाचवायला बघतेयस. मला कळतंय, पण असं खोटं बोलून माझं सगळं आयुष्य मोडीत काढू नकोस. देवयानीचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता आणि ती आईकडे बघत होती. तिला कोणावर विश्वास ठेवावासा वाटत होता ते उघड होतं.

"देवयानी," शैलेंद्र म्हणाला, "आधी हंस नव्हता."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत बोलत होता. ते पुस्तक मला आधी भीतीचं आठवतं, तो म्हणाला, आणि मग हसण्याचं. मला वाटायचं मी मोठा झालो म्हणून तसं झालं. पण एकाच हिवाळ्यात माणूस किती मोठा होणार? पाद्र्याच्या मागे पांढरी जागा होती. त्या जागेची मला भीती वाटायची, कारण तिथे कोणीच नव्हतं.

पाच वर्षांच्या मुलाची आठवण, नंदकुमार पुटपुटले, तिला काय पुरावा म्हणायचं. कृतिकाने उठून खिडकीतला पॅड आणि पेन्सिल आणली आणि आजीपुढे सरकवली. "आजी, जस्ट ड्रॉ इट," ती म्हणाली. "दे'ल सी."

प्रमोदिनीने पेन्सिलीकडे पाहिलं. तिला ती उचलावीशी वाटली. बोटांना तसं वाटलं. पण तिने पॅड बाजूला सारला.

"मी परीक्षा देणार नाही," ती म्हणाली. "पंचाहत्तरी झाली माझी. माझ्या स्वयंपाकघरात मला कोणी पास-नापास करायचं नाही."

मग ती नवऱ्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली. तिने त्यांना त्या निबंधाची आठवण करून दिली. त्यात त्यांनी लिहिलं होतं की ही रेषा धीट आहे पण अशिक्षित हाताची आहे. तो इंग्रजी शब्द तिने शब्दकोशात पाहिला होता, आपली काही चूक होत नाही ना म्हणून. कोल्हापूरला चार वर्षं शिकून तिने चित्रकलेचा डिप्लोमा घेतला होता आणि वर्गात दुसरी आली होती.

"तुमच्या आनंदासाठी गप्प राहिले असं मी मला सांगत आले," ती म्हणाली. "ते निम्मं खरं आहे. निम्मं असं, की तुम्ही ओळखता का ते मला बघायचं होतं. एक वर्ष बघितलं, दोन वर्षं बघितलं. मग हट्टच झाला. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा मी तुमच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बायकोचा हात ओळखता येत नाही या माणसाला. मला त्यात मजासुद्धा वाटायची. तेव्हा मीही काही फार चांगली नाही."

बाहेर शेजारचा माणूस पाचोळा उडवायचा लीफ ब्लोअर चालवत होता. तो आवाज थांबला. नंदकुमारांनी लॅपटॉपचं झाकण लावलं. त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही. ते बायकोला म्हणाले:

"कृतिकाच्या पहिल्या वाढदिवसाला तू कार्ड केलं होतंस. मांजर होती. तिच्या टोपीची कड तू एकाच फटकाऱ्यात काढली होतीस आणि खाली दोन बारीक रेघा, हंसाच्या हॅटला आहेत तशाच. मी ते पोस्टात टाकायला घेऊन निघालो होतो. गाडीत बसून बघितलं."

प्रमोदिनी बघत राहिली. "आणि?"

"आणि पोस्टात टाकलं."

"विचारलं नाहीत."

"नाही."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत होतं, आणि कृतिका पुढे म्हणायची की त्या दिवसातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट तीच होती, आजीला ते जुळताना बघणं.

"त्या वर्षी तुम्ही कार्डांचा बॉक्स आणलात," प्रमोदिनी म्हणाली. "कॉस्टकोतून. हाताने करत बसायचा त्रास नको म्हणालात. मला वाटलं काळजीने आणलात." तिने बाजूला सारलेल्या पॅडकडे पाहिलं. "त्यानंतर मी काही काढलंच नाही."

नंदकुमारांनी नाही म्हटलं नाही. देवयानीने त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. तिने तो मुद्दाम काढला असं नव्हतं. कप उचलायला म्हणून काढला, आणि मग तो परत ठेवता आला नाही.

त्या संध्याकाळी शैलेंद्र बेसमेंटच्या जिन्यावर जाऊन बसला आणि कृतिकाच्या दाराकडे तोंड करून म्हणाला की मी तसं विचारायला नको होतं. आतून उत्तर आलं, "यू बिलीव्ह्ड इट, बाबा." त्याने नाही म्हटलं नाही. आजच्या दिवसात निदान एवढं तरी खरं बोलावं असं त्याला वाटलं. तो तिथेच बसून राहिला आणि शेवटी तिने दार उघडलं, पण त्याच्याशी न बोलता ती वर आजीकडे गेली. देवयानीने माफी मागितली तीही अर्धीमुर्धीच: मला बाबांना वाचवायचं होतं गं, ती म्हणाली. कृतिका म्हणाली, आय नो, आणि तिने स्केचबुकं कपाटात ठेवून कपाटाला किल्ली लावली.

रविवारी सकाळी नंदकुमार नेहमीपेक्षा लवकर उठून खाली आले. त्यांनी रात्रभर मनात मेल तयार केली होती. चित्रं पत्नीची आहेत, हे आम्हाला आत्ताच कळलं, निबंध मी मागे घेतो. असा मजकूर होता. प्रामाणिक आणि आटोपशीर, असं त्यांना वाटत होतं. पण टेबलाशी प्रमोदिनी आधीच बसलेली होती, कृतिकाचा लॅपटॉप घेऊन. ती एका बोटाने टाईप करत होती. कृतिका शेजारी टोस्ट खात होती आणि एखादं अक्षर सापडलं नाही तर बोट दाखवत होती. शैलेंद्र आणि देवयानी उभ्यानेच कॉफी पीत होते, कोणालाच बसावंसं वाटत नसल्यासारखे.

नंदकुमारांनी तिला विचारलं काय लिहिते आहेस. संग्रहालयाच्या बाईंना, ती म्हणाली. त्यांनी विचारलंय ना, कुटुंबीयांना काही आठवतं का; मला आठवतं. ती पुन्हा टाईप करायला लागली. टब, हंस, पत्ते. लग्नानंतरच्या एकावन्न वर्षांत घरातलं प्रत्येक इंग्रजी पत्र नंदकुमारांनी लिहिलं होतं किंवा तपासलं होतं: शाळेची, बँकेची, तिच्या आईला कॅनडाचा व्हिसा मिळावा म्हणून केलेले अर्जसुद्धा. ते सवयीनेच तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि चष्मा लावला.

"बघू का एकदा?" ते म्हणाले. "इंग्रजी तेवढं."

"नको."

तिने स्क्रीन त्यांच्यापासून वळवली नाही, पण मागेही पाहिलं नाही, आणि ते आपणहून दोन पावलं मागे सरले. तिने शेवटचं वाक्य पूर्ण केलं, खाली आपलं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. कृतिकाने तोंडातला टोस्ट संपवला. मेल गेली.

मग प्रमोदिनी उठली. तिने खुर्ची तशीच मागे ओढलेली ठेवली.

"माझं मी लिहिलं," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही लिहा."

नंदकुमार खुर्चीत बसले. दोन्ही मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि कोणी मदतीला येत नव्हतं, देवयानीसुद्धा. रात्री तयार केलेला मजकूर त्यांना शब्दन् शब्द पाठ होता. 'आम्हाला आत्ताच कळलं' इथपर्यंत त्यांनी तो लिहिला, आणि वाचला. प्रमोदिनी सिंकपाशी पाठमोरी उभी राहून कप धूत होती. त्यांनी ते वाक्य पुसून टाकलं. पुन्हा सुरुवात करायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी लिहिलं की ही चित्रं माझ्या पत्नीची असावीत, असा मला एकोणीस वर्षांपासून संशय होता.